बांधावरील विषारी वनस्पती व त्यांतील उपकारक द्रव्ये

शेताच्या बांधावर, उकिरड्याच्या कडेस आणि गावाबाहेरच्या पडीत जमिनीत ज्या वनस्पती कोणी न लावता वाढतात, त्यांपैकी पुष्कळ विषारी आहेत, हे प्रत्येक कुणब्यास ठाऊक असते. आपल्या प्राचीन रसवैद्यांनी सात वनस्पतिजन्य द्रव्यांस 'उपविषे' अशी संज्ञा दिली होती. ती म्हणजे रुई, थोर, कळलावी, कण्हेर, गुंज, अफू आणि धोतरा. यांपैकी अफू वगळली तर बाकीच्या सहाही वनस्पती मराठवाड्याच्या शिवारात किंवा डोंगरउतारावर सापडतात. त्यांचे विष आपण ओळखतो. परंतु त्या विषातूनच निघालेली औषधे आज आपल्याच घरच्या माणसांचे प्राण वाचवीत आहेत, याची जाणीव मात्र फार थोड्यांस असते.

छत्रपती संभाजीनगर येथे जालना रस्त्यावरील क्रांती चौकातून रोज असंख्य ग्रामस्थांची जा-ये चालते. कोणी बियाणे, खते व फवारणीची औषधे घेऊन गावी परततो, तर कोणी फवारताना विष अंगात भिनलेल्या भावास घेऊन घाटीच्या दवाखान्याकडे धाव घेतो. कोणाच्या घरचे माणूस आमखास मैदानानजीकच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात उपचार घेत असते. या दोन्ही ठिकाणी रोग्याच्या शिरेतून जी औषधे दिली जातात, त्यांतील काहींचे मूळ एखाद्या विषारी झाडातच आहे. सबब, ज्या वनस्पतींस आपण केवळ उपद्रवी समजतो त्यांची खरी ओळख आमच्या वाचकांस करून द्यावी, आणि त्याबरोबरच एक कठोर इशाराही द्यावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

झाडात विष कशासाठी?

झाडास पाय नाहीत. गुरे चरू लागली किंवा अळी पाने कुरतडू लागली तर त्यास पळता येत नाही. म्हणून कित्येक वनस्पती आपल्या पानांत, बियांत व मुळांत अशी द्रव्ये साठवितात की खाणाऱ्याच्या मज्जातंतूंवर, हृदयावर किंवा पेशींच्या वाढीवर त्यांचा आघात व्हावा. वैद्यास रोग हटविण्यासाठी शरीराच्या नेमक्या याच ठिकाणी हात घालावा लागतो. म्हणून जे द्रव्य अधिक झाले असता मारते, तेच मोजून दिले असता तारते. चरकसंहितेच्या काळापासून हा विचार आपल्याकडे चालत आला आहे, आणि सोळाव्या शतकात युरोपात पॅरासेल्सस यानेही विष आणि औषध यांतील भेद मात्रेवर अवलंबून असतो असेच प्रतिपादन केले.

परंतु मात्रा मोजायची तर आधी द्रव्य शुद्ध हवे. झाडातील विषाचे प्रमाण स्थिर नसते. पानात एक, बीत दुसरे. कोवळ्या झाडात एक, जुन्यात दुसरे. आणि जमीन व हंगाम बदलला की त्यातही फरक पडतो. एकाच बांधावरील दोन धोतऱ्यांची सारखी चिमूट घेतली तरी त्यांतील विष सारखे असेल असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील रसायनज्ञांनी वनस्पतींतील ही तीव्र द्रव्ये अलग काढण्यास सुरुवात केली, आणि तेव्हापासून चिमटीच्या जागी मिलिग्रॅम आला. विषाचे औषध होण्यात खरी क्रांती झाली ती येथे.

जुन्या वैद्यांनी याच अडचणीवर 'शोधन' हा उपाय योजला होता. बिब्बा विटेच्या चुऱ्यात घोळून त्याचे दाहक तेल शोषून घ्यायचे, बचनाग गोमूत्रात किंवा दुधात ठेवून शिजवायचा, अशा त्या रीती होत्या. बचनागातील ऍकोनिटीन हे जालीम द्रव्य पुष्कळ वेळ उकळल्याने विघटन पावून बरेच सौम्य होते, असे आधुनिक रसायनशास्त्रासही आढळून आले आहे. म्हणजे शोधन हा निव्वळ आचार नव्हे, त्यामागे अनुभव होता. मात्र ते काम जाणत्याचे होते. घरोघरी करण्याचे ते कधीच नव्हते.

धोतरा : फवारणीच्या विषावरील उतारा

धोतऱ्याची विषबाधा झालेल्या माणसाचे तोंड कोरडे पडते, अंग तापते, बाहुल्या विस्फारतात, नाडी धावू लागते व तो भ्रमिष्टासारखा बरळतो. ही लक्षणे ऍट्रोपिन, हायोसायमिन व स्कोपोलामिन या द्रव्यांची होत. आता फवारणीची विषबाधा पाहावी. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशक अंगात भिनले की लाळ व घाम सुटतो, डोळ्यांतून पाणी वाहते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत पाणी दाटते आणि श्वास कोंडतो. दोन्ही चित्रे एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

याचे कारण पाटाच्या पाण्याच्या दृष्टान्ताने समजेल. मज्जातंतूंकडून इंद्रियांस निरोप नेणारे ऍसिटिलकोलिन नावाचे एक द्रव्य शरीरात असते. काम होताच ते मोडून टाकणारे दुसरे द्रव्यही शरीर ठेवते. म्हणजे वाफा भरला की दारे मोडणारा माणूस हजर असतो. कीटकनाशक या माणसासच जायबंदी करते. मग पाणी वाहतच राहते व वाफा तुंबून पीक बुडते. ऍट्रोपिन त्या जायबंदी माणसास बरे करीत नाही. ते वाफ्याच्या तोंडाशी स्वतः आडवे पडते व आत शिरणारे पाणी थोपविते. रोग्यास ते शिरेतून देतात, आणि छाती मोकळी होऊन नाडी सुधारेपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करीत जातात. स्नायूंच्या लुळेपणावर मात्र त्याचा इलाज चालत नाही, म्हणून पुष्कळदा कृत्रिम श्वासाची जोड द्यावी लागते.

सन २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो इस्पितळांत दाखल झाले. तो आघात विदर्भाचा असला तरी कपाशी मराठवाड्यातही तितकीच आहे, आणि धोकाही तितकाच. अशा वेळी ज्या औषधाची डॉक्टरास प्रथम आठवण होते ते मूळचे धोतऱ्याच्या कुळातील आहे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

येथेच इशाराही देणे प्राप्त आहे. धोतरा हा उतारा आहे असे ऐकून कोणी फवारणीने बाधलेल्यास धोतऱ्याचा रस पाजील, तर एका विषावर दुसऱ्या विषाची भर पडेल. रसात ऍट्रोपिन किती हे कोणास सांगता येणार नाही; पोटात गेलेला रस केव्हा व किती भिनेल हेही सांगता येणार नाही. शिवाय सर्वच फवारणीची औषधे एका वर्गातील नसतात. कित्येकांवर ऍट्रोपिन निरुपयोगी ठरते, आणि पॅराक्वाट या तणनाशकावर तर कोणताच खात्रीचा उतारा नाही. म्हणून उतारा कोणता हे बाटलीवरील चिठ्ठी पाहून डॉक्टरानेच ठरवावयाचे असते.

कळलावी : नांगराच्या आकाराचा कंद

पावसाळ्यात कुंपणावर चढून लालपिवळ्या, ज्वाळेसारख्या फुलांनी लक्ष वेधणारी कळलावी सर्वांच्या परिचयाची आहे. तिचा कंद नांगरासारखा वाकडा असतो, म्हणून संस्कृतात तिला लांगली म्हणतात. खाण्याचा कंद समजून हा कंद शिजविल्याने माणसे दगावल्याचे प्रकार भारतात व श्रीलंकेत घडले आहेत. यातील घातक द्रव्य कोल्चिसिन होय. पेल्तिए व काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी ते सन १८२० मध्ये युरोपातील कोल्चिकम या वनस्पतीतून प्रथम वेगळे काढले; पुढे तेच द्रव्य कळलावीतही मिळाले.

वातरक्ताच्या, म्हणजे ज्यात पायाचा अंगठा सुजून असह्य ठणकतो त्या विकारावर कोल्चिसिनची गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची असते. अर्धा मिलिग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दोन हजारावा भाग. इकडे जेमतेम ७ मिलिग्रॅमने मृत्यू ओढवल्याचीही वैद्यकात नोंद आहे. औषध आणि मरण यांतील बांध किती अरुंद आहे हे यावरून दिसेल. याच अल्प मात्रेस अमेरिकेत सन २०२३ मध्ये हृदयविकाराचा झटका टाळण्यासाठीही मान्यता मिळाली.

शेतकऱ्यास कोल्चिसिनचे आणखी एक ऋण मान्य करावे लागेल. पेशी दुभंगते तेव्हा तिच्यातील गुणसूत्रे दोन्हीकडे ओढून नेणारे जे सूक्ष्म तंतू असतात, ते कोल्चिसिन बनूच देत नाही. त्यामुळे गुणसूत्रे दुप्पट होतात, पण पेशी दुभंगत नाही. सन १९३७ मध्ये अमेरिकेत ब्लेकस्ली व एव्हरी यांनी या द्रव्याने वनस्पतींतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट करून दाखविली, आणि त्यांच्या प्रयोगांत धोतराच प्रमुख होता. अशा दुपटीच्या कलिंगडाचा साध्या कलिंगडाशी संकर केला असता जे फळ येते त्यात बी धरत नाही. बाजारात मिळणारे बिनबियांचे कलिंगड या रीतीने निर्माण झाले. ज्या विषाने माणूस मरतो त्याच विषाने पीकसुधारणेस नवे साधन दिले.

सदाफुली व नरक्या : कर्करोगावरील औषधे

सदाफुली मूळची मादागास्करची; पण आज ती आपल्या अंगणात व स्मशानभूमीतही फुलते. मधुमेहावर तिचा काढा घेण्याची चाल अनेक देशांत होती. तिची पारख करताना कॅनडातील नोबल व बीअर या संशोधकांस असे आढळले की, साखर उतरत नाही, परंतु रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने कमी होतात. रक्ताच्या कर्करोगात याच पेशी बेसुमार वाढतात. त्यांच्या ध्यानात हा संबंध आला व सन १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन हे द्रव्य पुढे आले. पाठोपाठ व्हिनक्रिस्टिन मिळाले. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत व्हिनक्रिस्टिनचे स्थान आजही पहिल्या रांगेत आहे. एक ग्रॅम व्हिनक्रिस्टिन मिळविण्यास सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात. यावरून दोन गोष्टी उमगाव्यात: चार पाने चावून कर्करोग बरा होत नाही, आणि मधुमेहासाठी रोज सदाफुली खाणारा मनुष्य आपल्या रक्तपेशींशी खेळ करीत असतो.

नरक्याची कथा तर खास महाराष्ट्राची आहे. सह्याद्रीच्या सदाहरित रानात, महाबळेश्वर, राधानगरी, आंबोली या भागांत हे लहान झाड आढळते. चुरगळले असता दुर्गंधी येते म्हणून त्यास ते नाव पडले. काही ठिकाणी त्यास अमृता असेही म्हणतात. एकाच झाडास नरक आणि अमृत ही दोन्ही नावे असावीत हे त्याच्या गुणास साजेसेच आहे. खानदेशातील नंदुरबार येथे सन १९२५ मध्ये जन्मलेले मनसुख वाणी यांनी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासह एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे काढून सन १९६६ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. पुढे सन १९७२ मध्ये मुंबईस गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रातील गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी तेच द्रव्य नरक्यात असल्याचे दाखविले, आणि ते येथे चिनी वृक्षाहूनही विपुल असते असे आढळले.

तरीही हे द्रव्य लगेच औषध झाले नाही. आरंभीच्या चाचण्यांत रोग्यांच्या मूत्राशयास व रक्तास इतकी इजा झाली की प्रयोग थांबवावे लागले. पुढे सन १९८५ मध्ये ते पेशीतील कोणत्या यंत्रणेवर आघात करते ते उलगडले, आणि मूळ द्रव्यात फेरफार करून टोपोटिकॅन व इरिनोटिकॅन ही सुसह्य औषधे सिद्ध झाली. अमेरिकेत दोहोंस सन १९९६ मध्ये मान्यता मिळाली. बीजकोशाच्या व मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर ती आज जगभर वापरली जातात. शोधापासून औषधापर्यंत तीस वर्षे लागली, ही गोष्ट झटपट गुणाच्या जडीबुटीवर विश्वास ठेवणाऱ्यांनी मनन करावी.

या यशाची किंमत मात्र आपल्या रानाने मोजली. परदेशी मागणी वाढताच सह्याद्रीत नरक्याची बेसुमार तोड झाली. पाने-फांद्यांवर न भागता झाडे मुळासकट गेली. आज हे झाड संकटग्रस्त गणले जाते. तोडणाऱ्यास मिळाली ती मजुरी, दलालास मिळाला नफा, आणि रानाचे झाड गेले ते गेलेच.

प्रत्येक विष औषध होत नाही

विषारी झाड दिसले की त्यात औषध असलेच पाहिजे, असा उलट समजही बरा नव्हे. कण्हेर व पिवळी कण्हेर यांत हृदयावर काम करणारी द्रव्ये आहेत. इंग्लंडात विल्यम विदरिंग याने सन १७८५ मध्ये डिजिटॅलिस या अशाच विषारी झाडाचा हृदयविकारावरील उपयोग लिहून ठेवला व तेथून पुढे डिगॉक्सिन मिळाले. कण्हेरीची द्रव्ये त्याच जातीची असूनही त्यांस तशी सर्वमान्यता मिळालेली नाही, कारण त्यांच्या गुणकारी व मारक मात्रांत अंतर फारच थोडे आहे. महामार्गांच्या दुभाजकांत कण्हेर लावण्याचा प्रघात आहे. तेथील छाटणी गुरांपुढे पडू देऊ नये. वाळलेले पानही तितकेच विषारी असते.

शेतकऱ्याने काय करावे?

एक : धोतरा बोंड धरण्यापूर्वी उपटावा. त्याचे बी सोयाबीन, बाजरी यांसारख्या धान्यात मिसळते. सन २०१९ मध्ये युगांडात मदत म्हणून वाटलेल्या सोयाबीनयुक्त पिठात धोतऱ्याच्या कुळातील विष मिसळून पाच माणसे दगावली व सुमारे ३०० आजारी पडली. मळणीच्या वेळी चाळणीने बी वेगळे करणे हा घरच्या जेवणाचा व बाजारातील पतीचाही प्रश्न आहे.

दोन : चंद्रज्योत (मोगली एरंड), गुंज व पिवळी कण्हेर यांची ओळख मुलांस करून द्यावी. चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून शाळकरी मुलांनी खाल्ल्याचे प्रकार वारंवार घडतात.

तीन : एरंडीच्या तेलात विष उतरत नाही, ते पेंडीत राहते. पेंड खत म्हणून उत्तम आहे, पण ती गुरे व कुत्री पोहोचणार नाहीत अशी ठेवावी आणि टाकताच मातीआड करावी.

चार : फवारणीची बाधा झाली असता रोग्याचे कपडे काढून अंग साबणाने भरपूर पाण्यात धुवावे, त्यास कुशीवर निजवावे, १०८ वर गाडी बोलवावी आणि औषधाची बाटली किंवा तिची चिठ्ठी बरोबर न्यावी. ओकारी काढवू नये. दूध, मिठाचे पाणी वा पाल्याचा रस पाजू नये. वेळ हाच येथे मोठा वैद्य आहे.

पाच : विषारी पाल्याचे काढे, भस्मे व लेप ऐकीव माहितीवर घेऊ नयेत. अर्हताप्राप्त वैद्य शोधन केलेले औषध देतो. त्याची नक्कल घरी होत नाही.

लागवड लाभाची आहे काय?

हा प्रश्न आमच्या वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. तामिळनाडूत कळलावीची लागवड शेतकरी करतात. वेलास मांडव देतात व बी औषधांच्या कारखान्यांसाठी विकतात. तिच्या व सदाफुलीच्या लागवडीस आपल्याकडे कायद्याची आडकाठी नाही. परंतु या मालास गावच्या बाजारात गिऱ्हाईक नसते. खरेदीदार मोजके, आणि एका वर्षी भाव चढला म्हणून सर्वांनी पेरा केला की पुढील वर्षी तो कोसळतो. यास्तव लेखी करार हाती पडल्याखेरीज एक गुंठाही गुंतवू नये, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. कारखानदार द्रव्याच्या टक्केवारीवर भाव देत असल्यास तपासणी कोण व कोठे करणार हेही करारात लिहून घ्यावे. केंद्र सरकारने सन २००० मध्ये स्थापिलेल्या राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाकडे या विषयाची चौकशी करता येते. अफूच्या बाबतीत मात्र मोहास थारा देऊ नये. महाराष्ट्रात तिची लागवड सन १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गुन्हा आहे.

रानातील वनस्पतींविषयी सन २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावास काही अधिकार दिले आहेत. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी व गावच्या वनस्पतींची नोंदवही तिने ठेवावी, असा नियम आहे. ज्या गावची ही वही कोरी आहे त्या गावात उद्या एखादा दलाल आला तर त्यास रोखण्याचा कागदी आधारही राहणार नाही. नोंदवही लिहिण्यास पैसा लागत नाही. गावातील जाणत्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांस विचारण्याची तसदी लागते. ती मंडळी आहेत तोवर हे काम उरकावे.

आपल्या बांधावरची ही झाडे ना शत्रू आहेत ना मित्र. ज्याने त्यांस ओळखले, त्यांचे द्रव्य मोजले व योग्य ठिकाणी योजले, त्यास ती तारतात. जो अज्ञानाने किंवा अर्धवट ज्ञानाने त्यांस हात घालतो त्यास ती क्षमा करीत नाहीत. मोजण्याचे काम प्रयोगशाळेचे, योजण्याचे वैद्याचे. परंतु ओळखण्याचे व राखण्याचे काम मात्र जमिनीच्या धन्याचेच आहे. आमच्या वाचकांनी येत्या पावसाळ्यात आपल्या शिवारातील अशा वनस्पतींची यादी करून ती ग्रामपंचायतीच्या वहीत नोंदवावी, एवढीच विनंती आहे.